ओला चमचा

पहिला अनारसा तुपात हसला तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते, आणि जावईबापू पुण्याहून निघालेसुद्धा होते.

अनारसा हसला म्हणजे तुपात पडल्यापडल्या तो कडेनं सुटत गेला, पसरला आणि शेवटी त्याचा चुरा कढईभर तरंगायला लागला. याला हसणं असं नाव कुणी दिलं कोण जाणे, करणाऱ्या बाईला त्यात हसण्यासारखं काही नसतं. हेमलतानं, म्हणजे माझ्या बायकोनं, झाऱ्यानं चुरा गोळा केला आणि गॅस बारीक केला.

"तूप जास्त तापलं असेल," मी दारातून म्हणालो.

"तुम्ही बाहेर व्हा बघू."

मी झालो नाही. दुसरा अनारसा तिनं केळीच्या पानावर खसखस पसरून थापला, अलगद उचलला आणि तुपात सोडला. तोही हसला. तिसरा तर कढईत पोहोचायच्या आधीच तिच्या बोटांमधून निसटला.

ज्येष्ठात अधिक महिना आला होता. आमच्या गिरिजाचं लग्न आदल्या मार्गशीर्षात झालेलं, म्हणजे तिचा हा पहिलाच अधिक महिना. अंबरीशरावांना जेवायला बोलावून तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे, वर निरांजन, असं वाण द्यायचं होतं. तेहतीसच का आणि जावयालाच का, ते मला विचारू नका, मी रसायनशास्त्राचा माणूस आहे. पण देतात ते जाळीदार असावं लागतं एवढं मला लग्न झाल्यापासून ऐकून ऐकून पाठ झालं होतं.

आणि जाळी म्हणजे हेमलता. कऱ्हाडात आमच्या आळीत दिवाळीच्या आधी बायका आपापले पिठाचे डबे घेऊन तिच्याकडे यायच्या. ती चिमूटभर पीठ अंगठ्याखाली चोळायची आणि सांगायची, "अजून दोन दिवस थांब," किंवा "चमचाभर साजूक तूप लाव याला." डॉक्टरनं नाडी बघावी तसा तो प्रकार असायचा. पण आदल्या पावसाळ्यात तिला चिकनगुनिया झाला आणि ताप गेला तरी बोटं सुजलेलीच राहिली. त्या दिवाळीला छत्तीस वर्षांत पहिल्यांदा आमच्याकडे अनारसे झाले नाहीत. "गुडघे दुखतात, उभं राहवत नाही," असं ती सगळ्यांना सांगत होती. गुडघे नव्हे, बोटं, हे मला ठाऊक होतं. ती रात्रंदिवस पदराआड बोटं चोळत बसायची. हात गेला की काय, ही धास्ती तिनं मनात धरली होती. जावयाचे अनारसे ही तिची परीक्षा होती, आणि तिनं ती स्वतःच लावून घेतली होती.

चौथा अनारसा हसला तेव्हा मी दारातून एक पाऊल मागे घेतलं. कारण मला एक गोष्ट माहीत होती जी तिला माहीत नव्हती.

त्यासाठी माझ्या बरणीबद्दल सांगायला हवं.

बत्तीस वर्षं मी पाणी शुद्धीकरण केंद्रावर केमिस्ट होतो. निवृत्त झाल्यावर पहिला महिना मी घरच्या नळाचं पाणी तपासण्यात घालवला, दुसरा महिना शेजाऱ्यांच्या. मग गिरिजानं मला एक छोटा ओव्हन आणून दिला आणि म्हणाली, "बाबा, कशाततरी मन रमवा, नाहीतर आई माझ्याकडे राहायला येईल." पेपरच्या पुरवणीत कुणीतरी घरच्या घरी पावाचं आंबवण कसं धरायचं ते लिहिलं होतं. दह्याला जसं विरजण, तसं या पावाला हे. कणीक आणि पाणी सारख्या वजनानं कालवायचं, बरणीत ठेवायचं, रोज त्यातलं अर्धं काढून टाकायचं आणि ताजी कणीक, ताजं पाणी घालायचं. आठ-दहा दिवसांत ते आपोआप जिवंत होतं, फुगतं, बुडबुडे सोडतं. यीस्टची पुडी लागत नाही, काही नाही.

माझ्या पहिल्या दोन बरण्या मेल्या. तिसरी मरायला टेकली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नळाच्या पाण्यात क्लोरिन! जन्मभर ज्या क्लोरिनचे थेंब मोजून मी गावाचे जीव वाचवले, त्यानंच माझ्या बरणीतले जीव मारले. त्यानंतर मी पाणी पातेल्यात उघडं ठेवून दुसऱ्या दिवशी वापरायला लागलो आणि बरणी अशी उसळली की झाकण वर आलं.

हेमलता त्याला आंबोण म्हणायची. म्हशीपुढे ठेवतात ते.

"तुमचं आंबोण ओट्यावरून हलवा, मला पोळ्या करायच्यात."

"अगं, त्याला ऊब लागते."

"मग मांडीवर घेऊन बसा."

रोज अर्धं काढून टाकायचं, हे तर तिला मुळीच सहन होईना. चांगली कणीक मोरीत ओततात म्हणजे काय! चौथ्या दिवसापासून ती ते टाकाऊ आंबवण एका वाडग्यात साठवायला लागली आणि त्यात कांदा-मिरची घालून धिरडी करायला लागली. धिरडी फर्मास व्हायची, पण तसं म्हणायची सोय नव्हती. मी तिसरं मागितलं की ती म्हणायची, "म्हशीचं खाऊ नये माणसानं इतकं."

तर आता तो चमचा.

अनारशांच्या चार दिवस आधी माझी बरणी अचानक गपगार पडली. उन्हाळ्यात पाण्यात क्लोरिन वाढवतात, मीच वाढवत असे, आणि मी गडबडीत नळाचं ताजं पाणी वापरलं होतं. बरणीत बुडबुडा नाही, वर नुसतं करडं पाणी. अंबरीशरावांना माझ्या हातचा पाव खाऊ घालायचा माझाही बेत होता, आणि तो बेत डोळ्यांदेखत आंबट पाण्यात बुडत होता.

तेव्हा मला फळीवरचा स्टीलचा डबा दिसला. अनारशाचं पीठ. तीन दिवस भिजवलेले तांदूळ, कांडून, चाळून, गूळ घालून मुरत ठेवलेले. म्हणजे गोड, आंबूस आणि जिवंत! माझ्या बरणीला याहून चांगलं औषध कुठलं? हेमलता देवळात गेली होती. मी बरणीतला चमचा तसाच उचलला, त्याच ओल्या, लडबडलेल्या चमच्यानं डब्यातलं एक ढेकूळ काढलं आणि चमच्याच्या पाठीनं वरचं पीठ पुन्हा सारखं करून ठेवलं.

संध्याकाळी माझी बरणी दुप्पट झाली. मी इतका खूश झालो की हेमलताला सांगणारच होतो. बरं झालं, नाही सांगितलं. आमच्या घरात अनारशाच्या डब्याला ओला हात लावणं हा चोरीपेक्षा मोठा गुन्हा आहे. माझी आई तर त्या दिवसांत डब्याजवळ शिंकूसुद्धा द्यायची नाही.

चार दिवस ते ओलं आंबवण त्या डब्यात, मे महिन्याच्या उकाड्यात. आणि आता तुपात एकामागून एक अनारसे हसत होते.

हेमलतानं बाजूला राखलेली तांदळाची कोरडी पिठी थोडी मिसळून बघितली. हसणं थांबलं, पण अनारसा असा टणक झाला की ताटात पडल्यावर वाजला. जाळी नावाला नाही. तिनं तो हातात घेऊन उलटसुलट बघितला, खाली ठेवला, आणि मग गॅस बंद करून स्वतःच्या हातांकडे बघत उभी राहिली.

"गेला हो हात माझा," ती म्हणाली.

"काहीतरीच काय. गूळ ओला असेल. हवा बघ कशी आहे."

"गूळ मला कळतो. हवा मला कळते. पन्नास मे महिने बघितलेत मी या हवेतले." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मला वाटलंच होतं. थापताना बोटांना काही कळतच नव्हतं. लाकडाची झालीत."

खरं सांगायचं तर मी भ्यालो होतो. छत्तीस वर्षांच्या संसारात मी पुष्कळ बोलणी खाल्ली होती, पण त्यातलं एकही या गुन्ह्याच्या तोडीचं नव्हतं.

"पिशवी घ्या," ती म्हणाली. "मार्केटयार्डाजवळ त्या बायकांचा गृहउद्योग आहे ना, तिथून तेहतीस अनारसे घेऊन या. गिरिजाला सांगू नका. तिला वाटू दे, आईनं केलेत."

हे वाक्य हेमलताच्या तोंडून येईल असं मला कुणी लिहून दिलं असतं तरी मी मानलं नसतं. विकतचे अनारसे! एकदा शेजारणीनं विकतचे आणले तर हिनं तिला दोन दिवस समजावलं होतं. मी पिशवी घेतली, चपला घातल्या, जिन्यावरून खाली उतरलो, फाटकाची कडी काढली. ऊन चढलं होतं. रिक्षा समोरच उभी होती. अर्ध्या तासात काम झालं असतं, कुणाला काही कळलं नसतं, आणि ती जन्मभर आपल्या हाताला दोष देत राहिली असती.

मी कडी परत लावली.

स्वयंपाकघरात ती स्टुलावर बसली होती, समोर तो वाजणारा अनारसा.

"पैसे विसरलात?"

"हेमलता," मी म्हणालो, "पीठ मी बिघडवलं."

तिनं मान वर केली.

"बरणी मेली होती. तिला खायला म्हणून तुझ्या डब्यातलं थोडं घेतलं. मंगळवारी. तू देवळात गेली होतीस."

"हातानं?"

"चमच्यानं."

"कुठल्या चमच्यानं?"

"बरणीतल्या."

"कोरडा होता?"

"नव्हता."

"पुसला होतात?"

"नाही."

"म्हणजे," ती एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "तुमचं ते आंबोण माझ्या पिठात गेलं. चार दिवस."

"हो."

मी डोळे मिटून उभा राहिलो. उघडून बघतो तर हेमलता रडत होती, आणि रडतारडता तिच्या चेहऱ्यावर असं काही उजळत होतं की मला समजेना, हे रडणं कसलं.

"म्हणजे हात नाही गेला माझा," ती म्हणाली. "अहो, म्हणजे हात शाबूत आहे!"

"अगदी शाबूत. दोष सगळा चमच्याचा."

"चमच्याचा कसला, तुमचा!" आणि मग ते आलं. जे यायला हवं होतं ते सगळं आलं, माझ्या आईपासून ते पाणी शुद्धीकरण केंद्रापर्यंत, आणि मी इतक्या आनंदानं कधीच बोलणी खाल्ली नव्हती. दहा महिन्यांत तिचा आवाज पहिल्यांदा असा खणखणीत लागला होता. शेजारच्या गॅलरीतलं कुणीतरी कपडे वाळत घालायचं थांबलं.

हे चालू असतानाच गिरिजा आणि अंबरीशराव दारात उभे राहिले.

"आई, काय झालं?"

"काय झालं ते बापाला विचार! तेहतीसचे तेहतीस बुडवले. आता जावयाला वाण काय देऊ? माझं कपाळ?"

अंबरीशराव समंजस माणूस. त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या, नमस्कार केला आणि म्हणाले, "आई, वास कसला सुटलाय इतका छान?"

वास माझ्या पावाचा होता. सकाळी सहालाच दोन पाव ओव्हनमधून काढून मी पुढच्या खोलीत पंख्याखाली निवत ठेवले होते आणि या धांदलीत साफ विसरलो होतो. गिरिजानं सुरी आणली, एक पाव मधोमध कापला आणि अर्धा भाग आईसमोर धरला.

"बघ तरी. बाबांनी काय केलंय."

हेमलतानं तो हातात घेतला तो फेकायच्या तयारीनंच. मग खिडकीशी नेला. उजेडाकडे धरला. मान तिरकी केली. अनारसा बघताना करते अगदी तशी.

"अगंबाई," ती म्हणाली. "जाळी आहे की याला."

आम्ही तिघांनी नुसत्या माना हलवल्या. बोलण्यात शहाणपणा नव्हता.

"काप याचे तुकडे," ती गिरिजाला म्हणाली. "दोन बोटं रुंद. तेहतीस निघतात का बघ."

"आई, पावाचं वाण? शास्त्रात बसतं का?"

"माझ्या सासूबाई म्हणायच्या, जाळीदार हवं. तांदळाचंच हवं असं काही त्या म्हणाल्या नव्हत्या. आणि हे," तिनं माझ्याकडे बघितलं, "याच्यात माझं पीठ गेलंय की थोडं. चोरीचं का होईना."

तिनं पदर खोचला आणि गॅस पेटवला. त्याच कढईत, त्याच तुपात तिनं ते तुकडे एकेक करून बदामी तळले, गरम असतानाच एका अंगाला खसखस चिकटवली आणि वरून वेलदोड्याची पूड घातलेली पिठीसाखर भुरभुरवली. बोटं दुखत असणार, पण तिनं कुणाला हात लावू दिला नाही. तांब्याच्या ताटात तेहतीस तुकडे उतरंडीसारखे रचले, वर निरांजन लावलं आणि अंबरीशरावांना पाटावर बसवलं. त्यांनी पहिला तुकडा तोंडात घातला. कुर्र असा आवाज झाला.

"याला काय म्हणायचं, आई?"

"काही म्हणू नका. खा."

त्यांनी नऊ खाल्ले. दहाव्याला गिरिजानं ताट ओढून घेतलं.

जेवणं झाल्यावर माझा न्यायनिवाडा झाला. शिक्षा अशी की, एक, माझा चमचा अनारशाच्या डब्याच्या हातभर अंतरात दिसता कामा नये. आणि दोन, यापुढे या घरात जेव्हा जेव्हा अनारसे होतील तेव्हा सगळा गूळ मी किसायचा. गूळ किसणं हे आमच्याकडचं सगळ्यात कंटाळवाणं काम. मी मान खाली घालून कबूल केलं.

आणि गोष्ट इथंच संपायला हवी होती. पण मी केमिस्ट पडलो ना.

अधिक महिना अजून बाकी होता. मुलांबरोबर पुण्याला पाठवायचे राहिले म्हणून हेमलतानं दुसऱ्याच दिवशी नव्यानं तांदूळ भिजत घातले. आता तिच्या चालण्यातच फरक पडला होता. हात शाबूत आहे ना, मग भीती कसली! अर्धा किलो तांदळाची पिठी झाली, मी शिक्षेप्रमाणे गूळ किसला, आणि ती नेहमीच्या मापानं घालायला लागली. पाच मुठी. तिच्या सासूबाईंच्या वेळेपासून चालत आलेलं माप.

मी बघत होतो. तिची मूठ मिटत नव्हती. सुजलेली बोटं अर्धवट वळत आणि तळहात ओंजळीसारखा उघडा राही. त्या उघड्या मुठीत गूळ भरभरून येत होता. पाच मुठी झाल्यावर ती तूप आणायला आत वळली तेव्हा मी पावाची कणीक तोलायचा माझा वजनकाटा पुढे ओढला आणि ताटात उरलेला गूळ तोलून किसलेल्या वजनातून वजा केला. अर्धा किलोला चारशे ग्रॅम पुरतो, इथं शंभर ग्रॅम जास्त गेला होता. गूळ जास्त झाला की अनारसा हसतो, हे आळीतल्या कुठल्याही पोरीला ठाऊक आहे.

मी तेवढा गूळ परातीतून परत उचलून घेतला. ती आली, मळलं, गोळे केले, डबा लावला. त्यातलंच लिंबाएवढं पीठ मी एका वाटीत गुपचूप काढून ठेवलं आणि त्यात बरणीतला ओला चमचा मुद्दाम, चांगला दोनदा फिरवला. चार दिवस माळ्यावर ठेवलं. पाचव्या दिवशी ती भजनाला गेल्यावर मी छोट्या कढल्यात त्याचा अनारसा तळला.

हसला नाही. सुरेख झाला. जाळीतून पलीकडचं दिसत होतं.

मी तो उभ्याउभ्या खाऊन टाकला. चमचा निर्दोष होता. निर्दोष म्हणजे शंभर टक्के. गुन्हा मी कबूल केला होता, शिक्षा भोगत होतो, आणि केला मी नव्हताच.

क्षणभर जीभ वळवळली. बत्तीस वर्षं मी निकाल लागला की तो कागदावर लिहून वर पाठवत आलो. पण हा निकाल कुणाला पाठवायचा? "हेमलता, चमचा नव्हे, तुझी मूठ," असं? मी कढलं घासून जागेवर ठेवलं.

त्या खेपेचे अनारसे असे झाले की आळीतल्या बायका बघायला आल्या. हेमलतानं प्रत्येकीला माझ्या चमच्याची गोष्ट सांगितली, आणि मी प्रत्येकीसमोर योग्य तितका ओशाळलो.

पुढच्या वेळी मात्र परातीतून गूळ चोरण्यावर भागणार नव्हतं. मी महिनाभर प्रयोग केले. बारीक किसलेला गूळ मुठीत दाबून बसतो, जाड आणि भुसभुशीत किसला तर पोकळ राहतो. किसणीची दुसरी बाजू, हात हलका, आणि गूळ आधी तासभर फ्रीजमध्ये. तिसऱ्या प्रयत्नात जमलं. तिच्या पाच उघड्या मुठी काट्यावर बरोबर चारशे ग्रॅम.

त्याला आता सात-आठ वर्षं झाली. त्यानंतर दोन अधिक महिने आले, आणि दिवाळ्या तर दरवर्षी. बरणी अजून जिवंत आहे. तिला रोज कणीक आता हेमलताच घालते. मी विसरतो असं तिचं म्हणणं. आंबोण म्हणायचं मात्र सोडलेलं नाही.

परवा दिवाळीला गिरिजाची लेक ओट्याजवळ स्टुलावर चढून बघत होती. तिला तिच्या आजीनं चमच्याची गोष्ट पहिल्यापासून ऐकवली. मी खाली बसून गूळ किसत होतो.

"आजोबा, तुम्ही अजून शिक्षाच करताय?"

"जन्मठेप आहे," मी म्हणालो.

हेमलतानं ताट पुढे ओढलं आणि मोठ्यानं मोजत गूळ घालायला लागली. एक, दोन, तीन. बोटं पूर्वीपेक्षा वाकली आहेत, मूठ आणखी उघडी पडली आहे, म्हणून या वर्षी मी आणखी जाड किसला होता. चार. पाच. तिनं पीठ हातानं एकत्र केलं, चिमूटभर अंगठ्याखाली चोळलं आणि मान डोलावली.

"बघितलंस?" ती नातीला म्हणाली. "काटाबिटा लागत नाही मला. माझं माप अजून चुकत नाही."

"नाहीच चुकत," मी म्हणालो, आणि किसणीला चिकटलेला गूळ नातीच्या हातावर झटकला.